एकशेसाठ डाव्या बाह्या

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कटिंगचं टेबल बावीस फूट लांब होतं आणि त्या बावीस फुटांवर एकोणीस वर्षं एकाच बाईची सत्ता होती. तिला सगळे मास्तरीण म्हणत. मालकसुद्धा. मालकाने एकदा घाईत "अहो बाई" अशी हाक मारली, तर तिने मान वर केली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा खडूची रेघ पुरी करून ती म्हणाली, "बाई घरी आहे. इथे मास्तरीण आहे." ती चूक मालकाच्या हातून पुन्हा झाली नाही.

ती आली होती बटणं लावायला. कटिंग हे पुरुषांचं काम, असं तेव्हा भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना वाचता येत होतं. म्हातारे मास्तर टेबलाजवळ कुणाला फिरकू देत नसत. मग ही काय करायची, तर संध्याकाळी केर काढणाऱ्या बाईला सांगायची, तू जा, टेबलाखालचं मी बघते. आणि खाली पडलेल्या चिंध्या जमिनीवर जुळवत बसायची. कापलेला भाग शिवायला गेलेला असे, खाली उरलेली असे ती त्याची रिकामी जागा. त्या रिकाम्या जागांवरून ती मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई शिकली, कॉलर शिकली, खिशाची झडप शिकली. म्हाताऱ्या मास्तरांनी एकदा तिला असं पकडलं. ओरडले नाहीत. हातातला खडू तिच्या अंगावर फेकला आणि म्हणाले, "रिकामं कळलं ना? आता भरलेलं कापून दाखव."

तिने दाखवलं. आणि मास्तरांचे डोळे गेले तेव्हा टेबल तिच्याकडे आलं.

घरात तिघं. नवरा बसडेपोत मेकॅनिक, बोलणं कमी आणि हात कायम काळे. दुसरी ती. आणि तिसरी तिची मोठी नणंद, म्हणजे वन्सं. वन्सं तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या आणि त्याच कारखान्यात काजाच्या मशीनवर बसत. दोघी सकाळी एकत्र निघत आणि वाटेत भांडत. कुणी तिसरं मध्ये पडलं तर मात्र दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात वन्सं म्हणाल्या होत्या, "वहिनी, तुझी जीभ फार लांब आहे." ही म्हणाली होती, "तुमच्या मापाचीच कापून आणलीय, वन्सं." तेव्हापासून दोघींचं जमलं.

म्हणूनच दुखण्याची पहिली खूण भांडणातून दिसली, आणि भांडणातच हरवली.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत वन्सं काहीतरी सांगत होत्या आणि मास्तरणीने त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. उजवा गाल ओढला गेला आणि उजवा हात झटकला गेला, जणू 'चला, पुरे!' क्षणभरच.

"तोंड कुणाला वेंगाडतेस?" वन्सं म्हणाल्या.

"मी कुठे वेंगाडलं?"

"आत्ता! आणि वर हात झटकलास."

"माशी बसली असेल."

"माझ्याच बोलण्यावर बरी बसली!"

थोड्या वेळाने परत तेच. मग संध्याकाळी घरी, भाजी चिरताना. वन्सं मानी बाई. आठ दिवस त्यांनी अबोला धरला. ज्या आठ दिवसांत नीट बघायला हवं होतं त्याच आठ दिवसांत त्या मान फिरवून बसल्या. ही गोष्ट पुढे त्यांनी देवाला रोज सांगितली, आणि देवाने ऐकलीही असेल, पण स्वतःला त्यांनी काही माफ केलं नाही.

मास्तरणीला ते झटके कळतच नव्हते. कळत होतं ते वेगळंच. आपण मारलेली खडूची रेघ परत बघावी तर हलल्यासारखी दिसे. तिने मनाशी ठरवलं, कुणीतरी रेघा हलवतंय. दुसरा कटर होता, त्याला धाकटे मास्तर म्हणत. मऊ स्वभावाचा, तोंडातल्या तोंडात बोलणारा. तोच असणार. ती जेवायला जाताना कापडावर आपली पिशवी ठेवून जाऊ लागली, मग जेवायलाच जाईना. शिलाईच्या मशिनी चालत तेव्हा त्यांच्या खडखडाटात तिला आकडे ऐकू येत, छाती चाळीस, खांदा अठरा, छाती चाळीस. झोप उडाली. एका रात्री ती नवऱ्याकडे टक लावून बघत बसली, ती उजाडल्यावरही थांबली नाही. तिने नवऱ्याला खुर्चीवर बसवलं, टेपने त्याचे खांदे मोजले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तुम्ही कोण आहात?"

"अगं, काय बोलतेस?"

"माझ्या नवऱ्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे. सत्तावीस वर्षं मी त्याचे शर्ट तसे कापते. तुमचे खांदे सारखे आहेत. त्याचा शर्ट तुम्हाला कुणी दिला?"

नवरा हसला. मग तिच्या डोळ्यांकडे बघून त्याचं हसू गळून पडलं.

तरीही ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. हॉस्पिटलच्या आणखी ऐंशी कोटांची ऑर्डर होती. पांढरं कापड, एका अंगाने चमक असलेलं. असं कापड पसरताना एक थर सुलटा, एक उलटा घालतात, म्हणजे बाही कापली की डावी-उजवी जोडी आपोआप निघते. कटिंगमधला हा पहिला पाठ. तिने सगळे थर सुलटे घातले आणि सफाईने कापत सुटली. बाह्या शिवायला गेल्या तेव्हा कळलं. ऐंशी कोट, एकशेसाठ बाह्या आणि सगळ्या डाव्या.

कारखान्यात आधी हसू फुटलं, मग ओसरलं. मास्तरीण टेबलावर दोन्ही हात पसरून उभी होती आणि म्हणत होती की तिच्या उजव्या बाह्या चोरल्या गेल्या आहेत. धाकट्या मास्तरांना तिने कॉलर धरून विचारलं. मालकाने तिच्या हातातून कात्री काढून घेतली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांतलं तिला स्वतःला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खिडकीला जाळी होती, आणि शेजारच्या खाटेवर एक बाई होती. ती शाळेत शिकवायची. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, पण मास्तरणीचा हात उडाला की उठून यायची, तो हात आपल्या दोन्ही हातांत धरायची आणि थांबला की परत जाऊन पडायची. एक शब्दही न बोलता.

बाकीचं तिला वन्संनी सांगितलं आहे. वन्संच्या सांगण्यात दर वेळी थोडी भर पडते, पण मूळ कापड खरं आहे.

हॉस्पिटलात तिला मानसोपचाराच्या वॉर्डात ठेवलं. मोठे डॉक्टर दाढीवाले, गंभीर, वाईट माणूस नव्हे. त्यांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. ती जास्तच बिघडत गेली. कधी ताठ होऊन पडे, कधी ओरडे, कधी वन्संनाच विचारी, "आज वन्सं आल्या नाहीत का?" तिसऱ्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की हा आजार लांबणीचा दिसतोय, गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात कायमची सोय होते, शुक्रवारपर्यंत सही करून द्या. नवऱ्याने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दोन दिवस तो खिसा हाताने दाबून फिरत राहिला.

बुधवारी वन्सं वॉर्डात बसल्या होत्या. एक तरुण डॉक्टरीण पाठवणीचा कागद तयार करायला माहिती विचारत होती. झोप कशी, खाणं कसं, घरात आणखी कुणाला असा त्रास. मग तिने विचारलं, "आणि हे पूर्वीपासूनच म्हणतात का त्या, की या हॉस्पिटलातल्या सगळ्या डॉक्टरांचे कोट मीच कापलेत?"

"म्हणजे?"

"इथे लिहिलंय ना. सरांना म्हणाल्या, तुमची मान आखूड म्हणून कॉलर पाऊण इंच उतरवून दिलीय. या इमारतीतला प्रत्येक कोट माझा आहे. याला आम्ही मोठेपणाचा भ्रम म्हणतो."

वन्संनी कमरेवर हात ठेवले. "कसला भ्रम, गं पोरी? तिनेच कापलेत! तुझ्या अंगावरचा पण! त्याची काजं मी केलीत. दुसरं काज जरा तिरकं गेलंय बघ, त्या दिवशी माझा चष्मा फुटला होता."

डॉक्टरणीने खाली बघितलं. दुसरं काज तिरकं होतं.

"काढ कोट," वन्सं म्हणाल्या.

"अहो आजी—"

"आजी कुणाला म्हणतेस? काढ. खूण दाखवते तिची. कॉलरच्या आत दोन खाचा असतात. टेबलावरच्या प्रत्येकाची खूण वेगळी."

डॉक्टरणीला काय वाटलं कोण जाणे, तिने कोट काढून दिला. वन्संनी तो उलटा केला. कॉलरच्या आत दोन खाचा होत्याच. पण वन्संचा हात तिथून खाली शिवणीवरून सरकत गेला आणि थबकला. शिवणीच्या आतल्या काठाला चावा घेतल्यासारखा एक दात होता. वीतभर खाली दुसरा. मग तिसरा.

"हे तिचं नाही," वन्सं म्हणाल्या. मग लगेच, "तिचंच आहे. पण तिचा काठ असा नसतो, गं. तिचा काठ पाण्यासारखा. हा कोट कधी मिळाला तुला?"

"दोनएक महिने झाले."

"दोन महिन्यांपूर्वी तर ती ठणठणीत होती. जाऊन-येऊन कामाला. माझ्याशी भांडत होती—" आणि वन्संचा आवाज तिथेच तुटला. तोंड वेंगाडलंस. हात झटकलास. माशी बसली असेल. त्यांनी आपल्या गालाला हात लावून, तो ओढून, आपला उजवा हात झटकून डॉक्टरणीला दाखवलं. "असं करायची. दिवसातून वीस वेळा. मला वाटलं मला चिडवते. कापताना पण हात उडत असणार. हे दात त्याचे आहेत."

डॉक्टरीण तशीच, कोटाशिवाय, बाहेरच्या व्हरांड्यात गेली. तिथून जाणाऱ्या एका डॉक्टरला थांबवून तिने त्याचा कोट उलटा करायला लावला. त्याच गठ्ठ्यातला कोट, त्याच जागी तोच दात, कारण चाळीस थर एकदम कापले जातात. मग एका जुन्या नर्सचा कोट बघितला, दोन वर्षांपूर्वीचा. काठ पाण्यासारखा. वन्सं सांगतात की अर्ध्या तासात त्या मजल्यावरची अकरा माणसं कोट उलटे करून उभी होती. मागच्या वेळी सांगताना आकडा सहा होता, त्याच्याही आधी चार.

एवढं मात्र खरं, की ती मुलगी कोट हातात घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, मन बिघडायच्या आधी महिनाभर यांचा हात बिघडलाय. हे बघा, तारखेसकट पुरावा." मोठ्या डॉक्टरांनी तो काठ बोटाने चाचपला. मग गळ्याशी हात नेऊन स्वतःची कॉलर चाचपली. आणि मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. मोठा माणूस तो, आपलं चुकलं हे त्याने त्याच जागी उभं राहून मान्य केलं.

रक्त तपासलं, तर अंगातलं मीठ उतरलेलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला. एमआरआय केला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. नाव निघालं ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. मेंदूच्या डॉक्टरांनी नवऱ्याला समजावलं, "अंगातली रोगाशी लढणारी यंत्रणा असते ना, तिने यांच्या मेंदूलाच परकं समजून हल्ला केलाय. त्यामुळे सूज आलीय. हात उडणं, संशय, भास, विसर, सगळं त्या सुजेचं. लवकर औषध गेलं तर पुष्कळ भरून येतं."

"पुष्कळ म्हणजे किती?" नवऱ्याने विचारलं. आयुष्यात त्याने विचारलेला हा बहुधा सर्वांत लांब प्रश्न.

"ते आत्ता सांगता येणार नाही."

नवऱ्याने खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि डॉक्टरांच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकले.

पाच दिवस स्टेरॉइडचं सलाइन चाललं. मग दुसरं एक महागडं औषध शिरेतून. आधी हात थांबला. मग आकडे थांबले. एका सकाळी ती जागी झाली, पायथ्याशी बसलेल्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इकडे या." तो जवळ आला. तिने त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, मग उजव्या.

"अर्धा इंच खाली आहे," ती म्हणाली. "आलात का?"

"मी इथेच होतो," तो म्हणाला, आणि मेकॅनिकच्या त्या काळ्या हातांनी तोंड झाकून रडला.

तिचा दुसरा प्रश्न होता, "टेबलावर कोण आहे?"

टेबलावर धाकटे मास्तर होते. मालक घरी भेटायला आले तेव्हा फळं घेऊन आले आणि खुर्चीच्या टोकाशी बसले, जणू पलंगावरच्या बाईला अचानक काही झालं तर पटकन उठता यावं. त्यांनी फार प्रेमाने बोलणं काढलं.

"मास्तरीण, तुमची जागा कुठे जात नाही. पण आता दगदग नको. घडी घालणं, पॅकिंग, बसून करायचं काम. आणि मी सगळ्यांना सांगितलंय की ताप मेंदूत गेला होता. त्या वॉर्डाचं कुणाला काही बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका."

"वॉर्डाचं का नाही सांगायचं?"

"लोक काय, वाटेल ते बोलतात."

वन्सं मध्येच म्हणाल्या, "बोलून तर बघू देत! वेडबीड काही नव्हतं आमच्या वहिनीला. सूज होती. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

मास्तरीण उठून बसली. औषधांनी तिचं तोंड सुजून गोल झालं होतं, पण डोळे जागच्या जागी आले होते.

"वन्सं, मी वेडी झाले होते."

"अगं—"

"झाले होते. ह्यांना मी ओळखलं नाही. धाकट्या मास्तरांची कॉलर धरली. त्याला लोक वेडच म्हणतात, म्हणू देत. त्याला सूज हे कारण सापडलं आणि मी बरी झाले. माझ्या शेजारी ती शाळेतली बाई होती. तिच्या मेंदूत काही सापडलं नाही. म्हणजे काय ती खोटी? तिला लपवायचं? माझा हात तिने धरला होता, तुमच्यापैकी कुणीही यायच्या आधी." तिने दम घेतला. "मी काही तिच्या पाठीवर पाय देऊन वर यायची नाही. मालक, ताप सांगू नका. आणि पॅकिंगला दुसरं कुणी बघा. मी सोमवारी टेबलावर येतेय."

मालक गेल्यावर वन्सं बराच वेळ फळं धूत राहिल्या. मग आतूनच म्हणाल्या, "जीभ मात्र सुजली नाही तुझी."

सोमवार येईपर्यंत मात्र तिचं तिलाच एक कळून चुकलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कटिंगच्या धंद्यात एक घमेंड असते. खरा कटर माप लिहीत नाही. माप डोक्यात. ज्याला कागद लागतो तो कारकून. तिच्या डोक्यात तीनशे माणसांची मापं असत. आता सकाळी नवऱ्याने सांगितलेला भाजीचा भाव दुपारी राहत नव्हता. रविवारी तिने घरातल्या तिघांची मापं घेतली, टेप खाली ठेवला आणि आठवायला गेली, तर पाटी कोरी. अर्धा तास ती देवासमोर बसून राहिली. मागणं असं काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "जे नेलंस ते नेलंस. हात ठेवलायस, तो मी वापरणार. मग मला थांबवायला तू स्वतः येऊन उभा राहिलास तरी बाजूला सरकवीन." आणि नमस्कार करून उठली, कारण भांडण झालं तरी नमस्कार चुकवायचा नाही ही तिची रीत.

सोमवारी ती वन्संच्या आधी दाराशी उभी होती.

कारखान्यात ती शिरली तशा मशिनी एकेक करून थांबल्या. धाकटे मास्तर टेबलापासून दोन पावलं मागे सरकले, आणि त्यांचा हात नकळत आपल्या कॉलरकडे गेला. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले.

"मास्तरीण, मी म्हटलं होतं ना—"

"हा डॉक्टरांचा कागद. मोठ्याने वाचा."

"आत बसून वाचू."

"इथेच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मालकांनी चष्मा लावला. वाचता वाचता एके ठिकाणी अडखळले. "...रुग्ण पहिले तीन आठवडे मा... मानसोपचार विभागात..."

"घसा साफ करा आणि परत वाचा," ती म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. पुढे लिहिलं होतं की रुग्ण कामावर जाऊ शकते, औषधं चालू आहेत, सहा महिने विजेचं कटिंग मशीन चालवू नये, हातकात्री चालेल, आणि स्मरणशक्ती भरून यायला वेळ लागेल.

"म्हणजे बघा," मालक सुटल्यासारखे म्हणाले, "मशीन नाही, आठवणही नाही. आणि मास्तरीण, तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही." त्यांनी कोपऱ्यातल्या फळीकडे हात केला. तिथे जाड दोरीने बांधलेला पांढऱ्या बाह्यांचा गठ्ठा होता. तीन महिने तो तिथेच होता, पंचनाम्यातल्या मुद्देमालासारखा.

ती गठ्ठ्यापाशी गेली. वरची बाही काढून तिने काठ बघितला. दात होता.

"याच मापाचे कोट पुढे लागणार आहेत ना हॉस्पिटलला?"

"लागणार. वर्षातून दोन-तीनदा लागतात."

"या एकशेसाठ डाव्या आहेत. एकशेसाठ उजव्या कापल्या की एकशेसाठ कोटांच्या बाह्या झाल्या. ऐंशी पुढच्या खेपेच्या, ऐंशी त्यानंतरच्या. कापड एक इंच वाया गेलेलं नाही. तीन महिन्यांत हे एकालाही सुचलं नाही? यातलं वेडं कोण, ते तुम्हीच ठरवा."

कुठेतरी एक मशीनवाली फस्सकन हसली. काजाच्या मशीनवरून वन्सं म्हणाल्या, "त्या दिवशी ऐंशी उजव्या कापायच्या सोडून नव्या कापडावर ऐंशी जोड्या परत कापल्यात, मालक. मी मोजल्या होत्या. सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही."

मालक टेबलापाशी आले. "बरं, ठीक आहे. पण आता, आजच्या तारखेला, जमेल का? ते दाखवा. एक कोट. माझा. माप घ्या आणि सगळ्यांसमोर कापा."

तिने टेप गळ्यात टाकला. मालकांची छाती घेतली, खांदा घेतला, बाही घेतली. प्रत्येक माप घेतल्यावर ती टेबलाकडे वळली आणि टेबलाच्या लाकडावर, धाकट्या मास्तरांच्या अगदी समोर, तो आकडा खडूने लिहिला.

"मास्तरीण, तुम्ही लिहिता?" धाकट्या मास्तरांच्या तोंडून निघूनच गेलं. त्यांची छोटी वही कायम कमरेला असे, आणि त्या वहीवरून तिने त्यांची बारा वर्षं टिंगल केली होती.

"लिहिते. आणि मोठ्या अक्षरात लिहिते, लांबून दिसावं म्हणून," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून, "वहीवरून तुम्हाला बोलत होते ते चुकत होते मी. आणि कॉलरबद्दलही चुकले."

धाकट्या मास्तरांनी कापडाचं दुसरं टोक धरलं आणि ताणून सरळ केलं.

तिने कात्री उचलली. सहा आठवडे खाटेवर आणि सहा आठवडे घरी, मनगट अशक्त झालं होतं. पहिला काप जपून गेला. दुसऱ्याला कात्रीने आपला आवाज पकडला, कापडातून जाणारा तो लांब, सलग आवाज. मशीनवाल्या मान लांब करून काठ बघत होत्या. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, मुंढा वळला, बाह्या निघाल्या, कॉलर निघाली. एक डावी, एक उजवी. तिने कात्री ठेवली आणि हात पुसले.

मालकांनी तुकडे एकेक करून उचलले. काठावर बोट फिरवलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आनंद म्हणावा की वाईट वाटणं, त्यांचं त्यांनाच कळलं नसेल.

"खिसे?" ते म्हणाले.

खिसे राहिले होते. तीन खिसे, एक वर, दोन खाली. लाकडावर लिहिलेल्या आकड्यांत तिने ते लिहिलेच नव्हते. वन्संनी डोळे मिटून घेतले.

मास्तरणीचा चेहरा लाल झाला. पूर्वी अशी चूक झाली असती तर तिने ती शेवटपर्यंत कबूल केली नसती, मुद्दाम मागे ठेवले होते म्हणाली असती. आता तिने खडू उचलला आणि आकड्यांच्या वर लिहिलं, खिसे. त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"राहिले," ती म्हणाली. "मी विसरले. उद्याही काहीतरी विसरेन. म्हणून ही यादी इथेच राहणार, पुसायची नाही, आणि कापून झालं की धाकट्या मास्तरांनी ती मोठ्याने वाचायची. कापड शिलाईला जायच्या आधी चूक सापडली तर ती चूक नाही, मालक. गेल्या महिन्यात हिरव्या पँटी गेल्या, चाळीस, घोट्याच्या वर. त्या बिनआजारी माणसांनी कापल्या होत्या."

"खरंय," धाकटे मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "त्या मी कापल्या."

तिने उरलेल्या कापडातून तीन खिसे काढले. काठ तपासायला मालकांपुढे धरले नाहीत, सरळ कोटाच्या तुकड्यांवर ठेवले.

मालक टेबलाला टेकून उभे होते. बोटांनी लाकडावर ताल धरला होता. "अर्धं टेबल," ते शेवटी म्हणाले. "खिडकीकडचं. हातकात्रीने जेवढं होईल तेवढं. पुढच्या महिन्यापासून बघू—"

"किती वाजले?"

"अं? सव्वादहा."

"आजची ऑर्डर कसली आहे?" तिने धाकट्या मास्तरांना विचारलं.

"अग्निशमनवाल्यांचे शर्ट."

तिने फळीवरून खाकी तागा ओढला, खांद्यावर घेतला आणि खिडकीकडच्या टोकाला येऊन थांबली.

"हात उचला, मालक," ती म्हणाली. "कापड पसरायचंय."